दात न लागलेलं

ते एकोणीसशे अडुसष्ट साल. त्या साली गावात दुसरं टॉकीज उघडलं, वीज कंपनीने घरोघरचे जुने मीटर काढून नवे बसवले, आणि मीटर वाचणाऱ्या मामाच्या भाचीने शाळेच्या बाकावर बसल्या बसल्या ठरवून टाकलं की आपण दगड शिकायचे.

दगड म्हणजे भूगर्भशास्त्र. पण तो शब्द घरात कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे दगडच म्हणत. मुलीला वेडच होतं ते. रस्त्याचं काम निघालं की ही खडीच्या ढिगात हात घालून बसलेली. खिडकीत दगड, पलंगाखाली दगड, चपलांच्या कपाटात दगड. आई म्हणायची, "लोकांच्या मुली रुमाल भरतात, आमची घर भरते. हिला कुठे पाठवायचं झालं तर गाडी पुरायची नाही, ट्रक लागेल."

वडील दूरच्या गोदीत कामाला होते आणि वर्षाकाठी एकदा यायचे, त्यामुळे घरातला कर्ता पुरुष म्हणजे मामा. मामाने लग्न केलं नव्हतं. दोघांचा संसार एकट्यापेक्षा महाग पडतो, हे त्याने वेळीच ताडलं होतं. जेवायला तो बहिणीकडे असायचा. काडेपेटीतली काडी उभी चिरून तिच्या दोन करणारा माणूस. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण मामाने अजून प्रयत्न सोडला नव्हता. तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. मुलगी कॉलेजात जाणार म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हा एकटा मामा म्हणाला, "जाईल की! का नाही जाणार? फक्त नीट आखलं पाहिजे."

आणि मामाने आखलं. दगड शिकवणारं कॉलेज नदीपलीकडच्या शहरात होतं, बसने दोन तासांवर. रोज जाऊन येऊन करावं तर भाड्यातच फी निघून जायची. म्हणजे वसतिगृहात राहणं आलं. चांगले गुण पडले तर फी निम्मी माफ होत होती. पुस्तकं आदल्या वर्षीच्या मुलींची, कपडे मावशीच्या मुलींचे. राहता राहिलं पोट. मामा म्हणायचा, "शिक्षण कुणाला महाग पडत नाही गं ताई, पोट महाग पडतं." पण त्या वसतिगृहाची मेस इतर मेसच्या निम्म्या दरात जेवू घालत होती. आणि त्या मेसचं कंत्राट होतं आपल्याच गावातल्या समारंभाच्या हॉलमालकाकडे, ज्याच्या हॉलच्या मागच्या भिंतीवरचा मीटर मामा दर महिन्याला वाचायचा.

मालकाने स्वतःच योजना सांगितली. शाळेतल्या मुलींनी संध्याकाळी आणि रविवारी हॉलवर काम करायचं. अर्धा पगार हातात, अर्धा मालकाकडे ठेव. शाळा संपली की ती ठेव थेट मेसमध्ये जमा. पहिल्या वर्षाचं जेवण त्यात भागेल.

मामा खूश झाला. "पैसा हातात आला की त्याला पाय फुटतात," तो म्हणाला. "हा थेट पोटातच जाणार. बिनबोभाट."

आईचंही हॉलशी नातं होतंच. हॉलवरून गाजरांची गोणी घरी यायची आणि आई आखूड सुरीने त्यांची फुलं कोरून द्यायची, मोठ्या ताटांच्या कडेला सजवायला. तिच्या डाव्या अंगठ्याला लहानपणी दारात चेंगरून व्यंग आलं होतं. म्हणून तिच्या प्रत्येक फुलाची एक पाकळी आत मुडपलेली असायची. मालकाने एकदा तक्रार केली. आई म्हणाली, "सगळ्या पाकळ्या सरळ असलेलं फूल कुठे पाहिलंत तुम्ही?" पुन्हा तक्रार आली नाही.

अशी मुलगी हॉलवर लागली.

पुढून तो हॉल म्हणजे झुंबरं, आरसे आणि गालिचा. मागून त्याची खरवडखोली. मेजवानी उठली की ताटं इथे यायची. खोलीला खिडकी एकच आणि तीही वर, माणसाला बाहेर बघता येऊ नये अशी. खालची फरशी कायम ओशट. मधोमध दोन मोठे टब, एक काळा आणि एक पांढरा. भिंतीवर मालकाने ठळक अक्षरात रंगवून घेतलं होतं: खाऊन माजावं, टाकून माजू नये.

खोलीची राणी होती मुकादमीण. रुंद बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. पहिल्या दिवशी मुलीने ओढणी नाकाला लावली तशी ती म्हणाली, "ए महाराणी, नाक घरी ठेवून यायचं. इथे फक्त डोळे आणि हात. दात लागलेलं काळ्यात, दात न लागलेलं पांढऱ्यात. कळलं?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे बटाटा अख्खा दिसला तर पांढऱ्यात, चावलेला दिसला तर काळ्यात. पाव तसाच. मटणाचा तुकडा उलटापालटा करून बघायचा. काळं डुकरांच्या वाड्यावर जातं."

"आणि पांढरं?"

"मालकांची कुत्री आहेत, शेतावर. जातिवंत. ती उष्टं खात नाहीत."

मुलीला हसू आलं. उष्टं न खाणारी कुत्री! पण हसण्यासारखं तिथे एवढंच होतं. भाताच्या ढिगात विझवलेल्या सिगारेटी. पुडिंगमध्ये खोवलेली दात कोरायची काडी. कागदी रुमालावर लाल ओठ उमटलेले, आणि तो रुमाल रश्श्यात भिजून फुगलेला. एकदा रुमालाच्या पुडीत कवळी सापडली. थोड्या वेळाने एक गृहस्थ मागच्या दाराशी आले, तोंडावर हात धरून. त्यांनी ती नळाखाली धरली, तोंडात बसवली आणि म्हणाले, "आभारी आहे, बेटा." त्या रात्री मुलगी जेवली नाही.

वास हाताला चिकटायचा. ती सोड्याने हात धुवायची, राखेने घासायची, पण नखांच्या मुळाशी थंड तुपाचा वास राहायचाच. वर्गात शेजारची मुलगी हळूच सरकून बसायची. "कसला तरी वास येतोय," असं ती बाईंना सांगायची आणि हिच्याकडे न बघता सांगायची.

पण माणूस कशालाही सरावतो, ही सगळ्यात ओंगळ गोष्ट. दगडांनी तिची नजर तयार केली होती. खडीच्या ढिगातून वेगळा खडा टिपणारी ती, ताटांच्या ढिगातून अख्खा बटाटा टिपायला तिला वेळ लागला नाही. मुकादमीण तिला 'चाळणी' म्हणू लागली. "हिच्या हातून एक दात सुटायचा नाही," असं आल्यागेल्याला सांगायची. आणि मुलीला, खरं सांगायचं तर, त्याचा अभिमान वाटायला लागला होता. कुत्र्यांच्या पोटात तरी चांगलं जातंय.

दोन वर्षं अशी गेली. गुण चांगले पडणार, अशी मास्तरांनी खात्री दिली. मग एका सुट्टीच्या दिवशी मामा तिला घेऊन शहरात गेला, कॉलेज आणि वसतिगृह दाखवायला.

कॉलेजात एका लांब खोलीत काचेच्या कपाटांतून दगड मांडून ठेवले होते, प्रत्येकाखाली चिठ्ठी. मुलगी तिथून हलेना. कपाळ काचेला टेकवून उभी राहिली. शिपायाने "काच पुसायला लागेल" म्हणून दटावलं तेव्हा कुठे ती मागे सरली. बाहेर आल्यावर मामाला म्हणाली, "मामा, मी येणार इथे. काही झालं तरी येणार."

"मग आणलंय कशाला तुला? वारा घालायला?"

वसतिगृहाच्या रेक्टरबाई मामाला ओळखत होत्या. त्यांनी दोघांना जेवायलाच बसवलं. लांब बाकं, पत्र्याची ताटं, मुलींचा कलकलाट. मुलीच्या शेजारी वरच्या वर्गातली एक जाड भिंगाची मुलगी बसली होती, बोलकी, हसरी. ताटात भात, दाट रस्सा आणि पाव पडला.

"आपण नाही हो," मामा रेक्टरबाईंना म्हणाला. "मला बस लागते. पोट रिकामं असलेलं बरं."

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. मामाला बस लागते? मीटर वाचत गावभर फिरताना कुणाच्या ओट्यावर काय शिजतंय ते वासावर ओळखून बरोबर जेवणाच्या वेळी दार वाजवणारा मामा, फुकटचं ताट नाकारतो?

तेवढ्यात टेबलाच्या त्या टोकाला आरडाओरडा झाला. "फूल! फूल निघालं!"

"काय झालं?" मुलीने विचारलं.

जाड भिंगाची हसली. "अगं, आमच्या रश्श्यात कधी कधी गाजराचं फूल निघतं. आचाऱ्याची हौस म्हण. ज्या मुलीच्या ताटात येतं तिला पेपर सोपा जातो. आमचा नेमच आहे तो." मग तिने ओरडून सांगितलं, "ए, इकडे द्या गं! नवी मुलगी आलीय, पहिला मान तिचा!"

हातोहात ते फूल आलं. कुणी चमच्यावरून, कुणी बोटांच्या चिमटीतून पुढे केलं. जाड भिंगाच्या मुलीने ते हिच्या भातावर ठेवलं. शिजून मऊ पडलेलं, तेलकट. एक पाकळी आत मुडपलेली.

मुलीने ताटाकडे पाहिलं. आता तिला सगळं दिसू लागलं. रश्श्यातला बटाटा हॉलवरच्या नागमोडी सुरीने कापलेला होता. परवाच्या रविवारी तिनेच तो उलटापालटा करून, दात बघून, पांढऱ्या टबात टाकला होता. पावाचे तुकडे रश्श्यात कुस्करून त्याला दाटपणा आणला होता. शेतावर कुत्री नव्हतीच.

"खा ना!" मुली ओरडल्या. "खा, खा, खा!"

रेक्टरबाई कौतुकाने बघत होत्या. टेबलाखाली मामाने तिच्या पायावर पाय दिला.

तिने ते खाल्लं. जिभेवर ते लगेच फुटलं, मऊ, गोडसर, आणि त्या गोडीमागे तिच्या नखांखालचाच वास. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ती हसली, उठली, मोरीपर्यंत चालत गेली आणि आतडी बाहेर येतील इतकी ओकली.

"पहिल्या दिवशी होतं असं," जाड भिंगाची तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "घरची आठवण येते ना."

परतीच्या बसमध्ये मामा खिडकीबाहेर बघत होता. बरीच वाट गेल्यावर मुलगी म्हणाली, "मामा, तुला बस लागत नाही."

"लागते कधी कधी."

"तू फुकटचं जेवण सोडलंस. तू! तुला माहीत होतं."

मामाने नाकारलं नाही. तेवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता, किंवा तेवढं खोटं बोलायचा त्याला आळस. "मागच्या दाराला मीटर आहे माझा," तो म्हणाला. "पहाटे टेंपो भरताना बघितलाय. मग? अगं, उकळतात ते. चांगलं खळाखळा उकळतात. उकळल्यावर काय राहतं त्यात?"

"मग तू का नाही जेवलास?"

"माझं वय झालं. तुम्ही तरुण पोरी, दगड पचवाल."

"मामा!"

"ओरडू नको, लोक बघतायत. हे बघ, मेस निम्म्या दरात का चालते? मालक काय धर्मात्मा लागून गेलाय? स्वस्तात मिळतं त्याचं पोट फाडून बघू नये, बाळ. तुला दगड शिकायचेत ना? मग डोळे मिटून गीळ. वर्षभराचा तर प्रश्न आहे."

मुलीला त्याची किळस आली. त्याच्या स्वच्छ धुतलेल्या कॉलरची, त्याच्या खिशातल्या अर्ध्या काड्यांची, त्याच्या "बाळ" म्हणण्याची. ती उठून बसच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि उरलेली वाट उभीच आली.

घरी आई फुलंच कोरत बसली होती. मुलीने सगळं सांगितलं. आईची सुरी थांबली.

"माझी फुलं?"

"तुझीच. मुडपलेली पाकळी मी ओळखणार नाही का?"

"आणि तू ते खाल्लंस?"

"मामाने पायावर पाय दिला."

मामा दारातच होता, चपला काढत. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघरात गेली, त्याचं झाकून ठेवलेलं ताट आणलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं. "घे," ती म्हणाली. "ताजं आहे. तुझ्या भाचीने खाल्लं तसलं नाही." मामाने घास उचलला आणि तसाच हातात धरला.

"ताई, मी तिच्याच भल्यासाठी—"

"जेव. जेवताना बोलू नये."

मग आईने मुलीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "ठेव तुझी आहे. ती हातात माग. हातात आली तर एखादी खोली बघू, स्टोव्हवर भात करून खा. मीठ-भात खा, पण आपल्या हातचा खा."

मुलीने मुकादमिणीला पांढऱ्या टबाचं विचारलं तेव्हा मुकादमीण प्रथम हसली. "कळलं का चाळणीला? दोन वर्षं लागली! मग काय फेकून द्यायचं चांगलं अन्न? मी स्वतः नेते घरी डबा भरून. माझी पोरं त्याच्यावर वाढली, घोड्यासारखी आहेत." मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि ठेव मागायच्या फंदात पडू नको. आजवर कुणाच्या हातात पडली नाही ती. मालक हसून बोलतो म्हणून फसू नको. वाघसुद्धा दात दाखवतो, ते काही हसण्यासाठी नव्हे."

पुढच्या रविवारी दुपारी कुणा बड्या अधिकाऱ्याच्या निवृत्तीची मेजवानी होती. ती उठल्यावर मालक खरवडखोलीच्या दारात खुर्ची टाकून बसला, हिशेब चुकते करायला. बँडवाले होते, फोटोग्राफर होता, वाढपी होते. मामाही आला होता. भाची काहीतरी वेडंवाकडं बोलून केलेली आखणी मातीत घालील, ही त्याला भीती.

मुलगी ओल्या हातांनी पुढे झाली. "मालक, माझी ठेव मला हातात द्या. मी मेसमध्ये जेवणार नाही."

"का गं? आमच्या मेसने काय घोडं मारलंय?" मालक गोड हसला. गुटगुटीत माणूस, अंगाला अत्तर, बोटांत अंगठ्या. "ठेव मेसची असते. ठरलंय तसं. मामांना विचार."

"ती माझ्या कष्टाची आहे."

"म्हणूनच वाया जाऊ नये," मालकाने भिंतीकडे बोट केलं. "वाच. काय लिहिलंय?"

वाढपी खुसखुसले. मुलीने भिंतीकडे पाहिलं, मग पांढऱ्या टबाकडे. तिने टब दोन्ही हातांनी ओढत आणला आणि मालकाच्या बुटांपाशी ठेवला. वरच भात गार होऊन गोळा झाला होता, मटणावर तुपाची पांढरी साय आली होती, बटाटे त्यात अर्धे बुडालेले.

"दात न लागलेलं आहे, मालक," ती म्हणाली. "मी स्वतः निवडलंय. माझ्या हातून एक दात सुटत नाही, मुकादमीणबाईंना विचारा. यातला एक घास तुम्ही घ्या. मग माझी ठेव खुशाल मेसला द्या. मी वर्षभर जेवेन, एक शब्द बोलणार नाही."

बँडमधल्या ढोलवाल्याने मान लांबवून टबात पाहिलं. तो पहिल्यांदाच बघत होता.

"मला डॉक्टरांनी तेलकट बंद सांगितलंय," मालक म्हणाला.

"मग पाव घ्या. कोरडा आहे."

"ए, बाजूला घे तो टब. अत्तराचा वास जाईल माझा." मालकाने रुमाल नाकाला लावला. "मामा, काय हो हे? आवरा तुमच्या पोरीला. नाहीतर ठेवही नाही आणि मेसही नाही, सांगून ठेवतो."

मामा पुढे आला. मुलीला वाटलं आता हा हात धरून बाहेर काढणार. पण मामा टबाशी उकिडवा बसला. शर्टाच्या बाह्या दुमडल्या, कारण शर्ट खराब झालेला त्याला चालला नसता. आणि त्याने एक बटाटा उचलला.

"मामा, नको," ती म्हणाली.

"आखलं मी," मामा म्हणाला. "मग खायचं कुणी?"

त्याने बटाटा तोंडात घातला. चावला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कंठमणी वरखाली झाला, पण त्याने तो गिळला. मग मटणाचा तुकडा. तुपाची साय त्याच्या मिशीला लागली. मग तळाचा पाव, भिजून लगदा झालेला. मग भाताचा गोळा, आणि त्यातून एक लांब केस निघाला, तो त्याने बोटांनी बाजूला केला आणि भात खाल्ला. हळू नाही, घाईनेही नाही. मीटर वाचावा तसा, एकामागून एक. त्याचं तोंड चपचप वाजत होतं.

फोटोग्राफरने तोंड फिरवलं. एक वाढपी बाहेर पळाला आणि त्याच्या ओकण्याचा आवाज आला. मुकादमीण, घोड्यासारखी पोरं वाढवणारी, किल्ल्यांशी चाळा करत जमिनीकडे बघत राहिली. रोज टेंपो भरताना ज्यांना काही वाटलं नव्हतं, त्यांना एका माणसाला समोर बसून ते खाताना बघवेना.

"अरे उठवा त्याला!" मालक ओरडला. त्याचा चेहरा हिरवानिळा पडला होता. "थांबवा! काय तमाशा लावलाय!"

"तमाशा कसला?" ढोलवाला म्हणाला. "मेसमधल्या पोरींचं जेवण आहे म्हणे. कुठली मेस हो ही? माझी भाची आहे शहरातल्या वसतिगृहात."

मालकाने त्याच्याकडे पाहिलं, फोटोग्राफरकडे पाहिलं. गावातला एकही समारंभ या दोघांशिवाय होत नसे आणि दोघांचीही तोंडं सैल. त्याने खिशात हात घातला, नोटा काढल्या आणि टबाच्या कडेवर आपटल्या. त्यातली एक घसरून रश्श्यात पडली. "घे! घे तुझी ठेव आणि चालती हो! पुन्हा दिसलीस तर याद राख."

मुलीने नोटा गोळा केल्या. रश्श्यातलीही काढली, बोटांनी निपटली. मग मामाच्या कॉलरला धरून त्याला उठवलं. रस्त्यावर आल्यावर मामा गटाराच्या कडेला बसला आणि बराच वेळ उठला नाही. ती बाजूला उभी होती. त्याला धरावं असं तिला वाटलं, आणि त्याला हात लावू नये असंही वाटलं. शेवटी तिने त्याचं कपाळ धरलं.

"ठेव पुरी आहे का, मोजलीस?" उलटीच्या दोन उमाळ्यांमध्ये मामाने विचारलं.

मामा त्यानंतर पंधरवडाभर अंथरुणाला खिळून होता. मुलगी कॉलेजात गेली. एका शिवणकाम करणाऱ्या विधवा बाईच्या माळ्यावर खोली मिळाली. उभं राहिलं की डोकं छताला लागायचं. वडिलांनी गोदीतून एक वातींचा स्टोव्ह पाठवला, सोबत दोन ओळी: नीट वापर. वात बदलत जा. त्यावर ती भात करायची आणि मीठ लावून खायची.

पहिल्याच आठवड्यात तिने जाड भिंगाच्या मुलीला गाठून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग तिचं हसू मावळलं. "आम्ही काय आंधळ्या आहोत?" ती म्हणाली. "रश्श्यात फुलं कुठून येतात ते आम्हाला कळत नाही? तो खेळ कशाला काढला आम्ही? हसत हसत गिळता यावं म्हणून. आता तू सगळ्यांना सांगत फिर, मेस बंद पाड. मग दर दुप्पट झाला की आमच्यातल्या किती जणी घरी परततील ते मोज." आणि जाता जाता म्हणाली, "तुझं बरं आहे. तुझ्यासाठी खाणारा मामा होता." मुलीने पुन्हा कुणाला सांगितलं नाही. त्या गप्प बसण्याचीही तिला पुढे बरीच वर्षं शिसारी येत राहिली.

मेस काही पापाच्या भीतीने सुधारली नाही. चार-पाच वर्षांनी डुकरांच्या वाड्यावाल्याला धंद्यात बरकत आली आणि तो दोन्ही टबांना मेसपेक्षा चांगला भाव देऊ लागला. मालकाने लगोलग सगळं डुकरांना विकलं आणि मुलींना साधं पण ताजं जेवण सुरू झालं. त्याबद्दल वसतिगृहाने त्याचा सत्कार केला. तो पुढे नगरपालिकेवर निवडून आला, खूप जगला आणि झोपेत सुखाने गेला. अशी माणसं तशीच जातात.

मुकादमीण वारली तेव्हा तिच्या घोड्यासारख्या पोरांपैकी एकाने हॉल विकत घेतला. ढोलवाल्याने भाचीला त्या मेजवानीच्याच महिन्यात वसतिगृहातून काढून घरी नेलं. तिचं शिक्षण तिथेच संपलं, हे मात्र कुणी त्या दिवशी मनात आणलं नव्हतं. जाड भिंगाची मुलगी त्याच मेसवर पदवीपर्यंत पोचली. पुढे न्यायाधीश झाली, आणि कडक म्हणून तिचं नाव होतं.

आईने गाजराची गोणी परत पाठवली ती कायमची. नंतर ती शिवणयंत्रावर पडदे शिवू लागली. त्यात मिळकत कमी होती आणि ती तसं रोज बोलून दाखवायची.

मामाची काटकसर सुटली नाही, पण बहिणीकडे जेवायला यायचं त्याने सोडलं. स्वतःचं स्वतः रांधायला शिकला. मरेपर्यंत त्याला मीठ किती घालावं ते जमलं नाही. भाचीशी तो नेहमीसारखाच बोलायचा, पण तिच्यासमोर कधी जेवला नाही. ती आली की म्हणायचा, "मी आत्ताच जेवलो बघ."

आणि मुलगी दगड शिकली. पाणी कुठे लागेल ते सांगणाऱ्या सरकारी खात्यात तिने तीस वर्षं काढली, उन्हातान्हात, तंबूत, विहिरींच्या तळाशी. आता ती निवृत्त आहे. घरच्या लग्नाकार्यांना जाते, हसते, बोलते, भाच्यापुतण्यांना फीसाठी पाकीट देते. पण जेवणाची पंगत मांडली की उठते आणि घरी येऊन भात टाकते. नातेवाईक म्हणतात, शिकली आणि शेफारली, चार माणसांत बसून खाणं आता तिला कमीपणाचं वाटतं. ती म्हणू देते.